गोड्या पाण्यावरची वृद्ध जहाजे

जहाज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. खारा वारा, भरती-ओहोटी, लाटांवर डुलणारी डोलकाठी आणि दूर क्षितिजावर विरत जाणारी धुराची रेघ, असेच काहीसे चित्र आपल्या मनात असते. परंतु वाचकहो, आज आपणांस ज्या प्रदेशात न्यावयाचे आहे, तेथील जहाजांपैकी अनेकांनी जन्मात समुद्र पाहिलेला नाही. त्यांची लांबी तीनशे मीटरांपर्यंत असते, त्यांच्या पोटात साठ हजार टनांहून अधिक माल मावतो, त्यांना वादळे गाठतात आणि कधी बुडवितातही. तथापि त्यांच्या खालचे पाणी ओंजळीत घेऊन प्यावे असे गोडे असते. आणखी एक नवल असे की, समुद्रावरचे मालवाहू जहाज ज्या वयात मोडीत निघते, त्या वयात ही सरोवरांवरची जहाजे ऐन कर्तेपणात असतात. पन्नास, साठ, सत्तर वर्षांची जहाजे येथे नित्यनेमाने फेऱ्या करतात. शंभरी ओलांडलेले जहाजही येथे कामावर होते.

हा प्रदेश म्हणजे उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांचा. सुपीरियर, मिशिगन, ह्यूरन, ईरी आणि ऑन्टारिओ अशी त्यांची नावे आहेत. त्यांपैकी मिशिगन पूर्णपणे अमेरिकेच्या हद्दीत आहे. उरलेल्या चारांतून अमेरिका आणि कॅनडा यांची सीमा जाते. पाचही सरोवरांचे क्षेत्रफळ मिळून सुमारे २,४४,००० चौरस किलोमीटर होते. आपल्या महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग पाण्याखाली गेला आहे अशी कल्पना केली म्हणजे या विस्ताराचा अंदाज येईल. पृथ्वीच्या पृष्ठभागावर जे गोडे पाणी द्रवरूपात आहे, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा या पाच पात्रांत साठलेला आहे. सुपीरियर सरोवर तर काही ठिकाणी ४०० मीटरांहून अधिक खोल आहे. तेथील मूळ रहिवासी असलेले ओजिब्वे लोक त्याला ‘गिचिगामी’, म्हणजे महाजल, म्हणतात, ते सार्थच आहे.

आपला प्रवास या सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकापासून सुरू करू. येथे मिनेसोटा राज्यातील डुलुथ आणि विस्कॉन्सिन राज्यातील सुपीरियर ही दोन शहरे एकाच बंदराच्या दोन काठांवर वसली आहेत. अटलांटिक महासागर येथून सुमारे ३,७०० किलोमीटर दूर आहे. आणि तरीही हे एक मोठे बंदर आहे. याचे कारण त्याच्या पाठीशी असलेल्या मेसाबी टेकड्यांत दडले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे लोहखनिजाचे प्रचंड साठे सापडले. खनिज उत्तरेला, तर ते वितळविण्यास लागणारा दगडी कोळसा दूर आग्नेयेकडील पेनसिल्व्हेनियाच्या परिसरात. ही दोहोंमधली वाट सरोवरांनी जोडली, आणि क्लीव्हलँड, डिट्रॉइट, गॅरी, शिकागो ही शहरे पोलादाच्या आणि यंत्रांच्या उद्योगाने भरभराटीस आली.

डुलुथ येथे बंदराच्या तोंडावर एक उचलपूल आहे. १९०५ मध्ये तो वेगळ्या रचनेचा होता. १९२९-३० मध्ये त्याला आजचे रूप देण्यात आले. जहाज जवळ आले की पुलाचा संपूर्ण आडवा भाग दोन मनोऱ्यांमधून सरळ वर चढतो. जहाज तीन दीर्घ आणि दोन ऱ्हस्व भोंगे देऊन अभिवादन करते आणि पूलही तसाच भोंगा वाजवून उत्तर देतो. काठावर उभ्या असलेल्या लोकांपासून काही हातांवरून ती पोलादी भिंत हळूहळू सरकत जाते. लहान मुले तिच्यावरचे नाव मोठ्याने वाचतात. ते नाव आपणही लक्षात ठेवावे, कारण आपली पुढची सारी कथा या नावांचीच आहे.

या जहाजांची नावे नद्यांची, देवतांची किंवा राण्यांची नसतात. बहुधा ती कोणा कंपनीच्या अध्यक्षाची, उपाध्यक्षाची वा एखाद्या मोठ्या भागधारकाची असतात. कारखानदाराने जहाज बांधावे आणि आपल्या कर्त्या माणसाचे नाव त्याला द्यावे, ही येथील जुनी रीत. परंतु मग कंपनी विकली जाते, कधी बुडते, कधी दुसरीत विलीन होते. नवा मालक जुन्या मालकाचे नाव मिरविणार तरी कशाला? तो रंगाऱ्याला बोलावतो. अशा रीतीने जहाजाच्या नावांची यादी म्हणजे त्याच्या मालकांची वंशावळच होऊन बसते.

उदाहरणार्थ, १९०६ साली मिशिगनमधील एकोर्स येथे ‘विल्यम पी. स्नायडर’ नावाचे जहाज पाण्यात उतरले. ते लोहखनिज वाहत असे. १९२६ मध्ये ते ‘एल्टन हॉइट दुसरा’ झाले, १९५२ मध्ये ‘अ‍ॅलेक्स डी. चिझम’. १९६७ मध्ये मेड्यूसा या सिमेंट कंपनीने त्याचे रूपांतर सिमेंटवाहू जहाजात केले आणि त्याला ‘मेड्यूसा चॅलेंजर’ हे नाव मिळाले. शिकागो नदीत ते शिरले की उघडलेले पूल पुन्हा मिटेनासे होतात, अशी त्याची ख्याती पसरली. शहरातील वाहतूक खोळंबली की लोक त्या बिचाऱ्या जहाजाच्या नावाने बोटे मोडीत. पुढे मेड्यूसा कंपनी साउथडाउन कंपनीकडे गेली आणि १९९९ मध्ये जहाज ‘साउथडाउन चॅलेंजर’ झाले. साउथडाउन मेक्सिकोतील सेमेक्स कंपनीने घेतली. सेमेक्सकडून २००५ मध्ये ते ब्राझीलच्या उद्योगसमूहाच्या मालकीच्या सेंट मेरीज सिमेंट कंपनीकडे आले आणि ‘सेंट मेरीज चॅलेंजर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. एका देहाला सहा नावे! २०१३ च्या अखेरीस, वयाच्या १०७ व्या वर्षी, स्वतःच्या इंजिनावर चालणारे जहाज म्हणून त्याची अखेरची फेरी झाली. त्यानंतर स्टर्जन बे येथील गोदीत त्याचे इंजिन आणि वरची खोली काढून टाकण्यात आली आणि त्याचे बार्ज बनविण्यात आले. आता टगबोट त्याला ढकलते; तथापि १९०६ चे ते पोलादी शरीर आपले काम करीतच राहिले.

आपण विचाराल, एवढे दीर्घायुष्य या जहाजांना लाभते तरी कसे? त्याचे पहिले उत्तर पाण्यातच आहे. समुद्राचे मीठ पोलादाला आतून-बाहेरून खाते. त्यामुळे समुद्रावरील मालवाहू जहाज पंचवीस-तीस वर्षांत थकते. गोड्या पाण्यात गंज अतिशय मंद चढतो. दुसरे उत्तर हिवाळ्याचे. जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या अखेरपर्यंत सुपीरियर सरोवराच्या मुखाशी असलेले जलपाश बंद ठेवतात. सरोवरांवर बर्फ साचलेले असते आणि जहाजे स्टर्जन बे, टोलेडो, डुलुथ अशा बंदरांत विसावतात. त्या अवधीत वेल्डर, फिटर, रंगारी त्यांची डागडुजी करतात. दरवर्षी दोन महिने सक्तीची विश्रांती आणि औषधोपचार लाभला, तर मनुष्यसुद्धा शतायुषी का होऊ नये, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

तिसरे उत्तर मात्र निसर्गाचे नव्हे, कायद्याचे आहे. अमेरिकेत १९२० मध्ये एक नौवहन कायदा झाला. त्याच्या पुरस्कर्त्या सिनेटरच्या नावावरून त्याला जोन्स कायदा म्हणतात. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल नेणारे जहाज अमेरिकेतच बांधलेले असावे, त्याची मालकी अमेरिकन नागरिकांकडे असावी आणि त्यावरील खलाशीही बहुतांशी अमेरिकनच असावेत, असा त्याचा आशय आहे. अमेरिकेत जहाज बांधणे आशियातील गोद्यांपेक्षा कित्येक पटींनी महाग पडते. म्हणून मालक हिशेब करतो आणि नवे बांधण्याऐवजी जुनेच दुरुस्त करतो. त्याला मध्येच कापून लांब करतो, वाफेचे इंजिन काढून डिझेलचे बसवितो, माल उतरविणारा लांबलचक वाहक पट्टा त्याच्या पाठीवर चढवितो. १९८३ नंतर सरोवरांच्या काठी नवे अमेरिकन मालवाहू जहाज बांधले गेले ते थेट २०२२ मध्ये कामावर रुजू झालेले ‘मार्क डब्ल्यू. बार्कर’. मध्यंतरी जवळजवळ चार दशके लोटली होती!

अशा कायापालटाचा उत्तम नमुना म्हणजे ‘ली ए. ट्रेगर्था’. हे १९४२ मध्ये मेरिलँडच्या समुद्रकिनारी तेलवाहू जहाज म्हणून जन्मले. त्या वेळी त्याचे नाव ‘चिवावा’ होते. दुसऱ्या महायुद्धात त्याने अमेरिकन नौदलाला तेल पुरविले. १९६१ मध्ये त्याला सरोवरांवर आणून खनिजवाहू बनविण्यात आले. नाव पडले ‘वॉल्टर ए. स्टर्लिंग’. १९७६ मध्ये ते मधोमध कापून लांब करण्यात आले. १९८५ मध्ये फोर्ड मोटार कंपनीकडे गेल्यावर ते ‘विल्यम क्ले फोर्ड’ झाले आणि १९८९ मध्ये इंटरलेक कंपनीने घेतल्यावर त्याला आजचे नाव मिळाले. २००६ मध्ये त्याची वाफेची यंत्रे जाऊन डिझेल इंजिने आली. युद्ध, तेल, खनिज, मोटारी. एका शतकाचा इतिहास या एकाच जहाजाच्या पत्र्यांखाली सामावला आहे.

आता डुलुथहून पूर्वेकडे निघू. एका रात्रीहून अधिक प्रवासानंतर आपण सू सेंट मेरी येथे येतो. येथे सुपीरियरचे पाणी सेंट मेरीज नदीच्या खळाळातून सुमारे साडेसहा मीटर खाली उतरते. १८५५ मध्ये प्रथम येथे जलपाश बांधण्यात आले. जहाज एका लांबट हौदात शिरते, मागची दारे मिटतात, पाणी केवळ गुरुत्वाकर्षणाने सोडले जाते आणि जहाज एखाद्या तान्ह्या बाळासारखे अलगद खालच्या पातळीवर उतरते. यांतील पो नावाचा जलपाश १,२०० फूट लांब आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो आजच्या रूपात खुला झाला. त्याच्यामुळेच हजार फुटी जहाजे बांधणे शक्य झाले. १९७२ ते १९८१ या काळात अशी तेरा जहाजे बांधली गेली. ही सारी भिस्त एकाच हौदावर असल्यामुळे त्याच मापाचा दुसरा जलपाश बांधण्याचे काम २०२० मध्ये हाती घेण्यात आले.

या हजार फुटी जहाजांचीच गोष्ट आरंभी मनात होती. नायगारा धबधब्याला वळसा घालून ईरी आणि ऑन्टारिओ सरोवरांना जोडणाऱ्या वेलंड कालव्यात फार तर ७४० फुटांचे जहाज मावते. १९५९ मध्ये राणी एलिझाबेथ आणि राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या उपस्थितीत सेंट लॉरेन्स जलमार्गाचे उद्घाटन झाले आणि समुद्रावरील जहाजे थेट डुलुथपर्यंत येऊ लागली, ती याच मापाची. हजार फुटी जहाज मात्र त्यात शिरू शकत नाही. नायगाराच्या वरच्या चार सरोवरांतच त्याचा जन्म आणि तेथेच त्याचा शेवट. 

या तेरांतील थोरले ‘स्ट्यूअर्ट जे. कॉर्ट’ याची कहाणी विशेष आहे. त्याची पुढची आणि मागची बाजू मिसिसिपी राज्यात बांधली गेली. ती दोन टोके एकमेकांस जोडून एक आखूड, विचित्र जहाज तयार झाले आणि ते अटलांटिकमार्गे ईरी बंदरात आले. तेथे त्याला पुन्हा कापून मधला लांबलचक भाग बसविण्यात आला. १९७२ पासून ते सुपीरियर सरोवराकाठचे खनिज मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकावरील बर्न्स हार्बर पोलाद कारखान्याला पोचवीत आले. त्या वेळी तो कारखाना बेथलेहेम स्टील या बलाढ्य कंपनीचा होता. २००१ मध्ये बेथलेहेम दिवाळखोरीत गेली; २००३ मध्ये इंटरनॅशनल स्टील ग्रुपने तिचे कारखाने विकत घेतले; २००५ मध्ये ते मित्तल स्टीलकडे, २००६ मध्ये आर्सेलर-मित्तलकडे आणि २०२० मध्ये क्लीव्हलँड-क्लिफ्सकडे गेले. धक्का तोच, खनिज तेच, वाट तीच. धन्याचे नाव मात्र पुनःपुन्हा बदलले.

येथे आपणा भारतीयांचा संबंध येतो. राजस्थानातील सादुलपूर येथे १९५० साली जन्मलेले लक्ष्मी मित्तल यांच्या इस्पात कंपनीने १९९८ मध्ये शिकागोजवळची इनलँड स्टील ही कंपनी विकत घेतली. इनलँडच्या ताफ्यात ‘विल्फ्रेड साइक्स’ नावाचे जहाज होते. योगायोग असा की, तेही १९५० मध्येच कामावर रुजू झाले होते. परंतु परदेशी मालकाला अमेरिकन बंदरांमध्ये जहाजे चालविता येत नाहीत! म्हणून कारखाना इस्पातकडे गेला आणि जहाजे इंडियाना हार्बर स्टीमशिप या वेगळ्या अमेरिकन कंपनीच्या नावावर करण्यात आली. जहाजांनी खनिज वाहिले ते त्याच भट्ट्यांसाठी. पण घर एकाचे आणि बैलगाडी दुसऱ्याची, अशी व्यवस्था कायद्याने भाग पाडली.

सू सेंट मेरीच्या कॅनेडियन काठावर अल्गोमा नावाचा जुना पोलाद कारखाना आहे. २००७ मध्ये तो मुंबईतील एस्सार उद्योगसमूहाने विकत घेतला आणि काही वर्षे त्याच्यावर ‘एस्सार स्टील अल्गोमा’ हे नाव झळकत होते. पुढे दिवस फिरले. २०१५ मध्ये कंपनीला न्यायालयाचे संरक्षण मागावे लागले आणि २०१८ मध्ये कारखाना दुसऱ्या मालकांकडे गेला. मुंबईच्या कचेरीत झालेल्या निर्णयाची चिंता सुपीरियरच्या काठावरील कामगारांच्या घरी पोचावी, असा हा काळ आहे.

आणि वाचकहो, या सर्व खरेदी-विक्रीचा खरा अर्थ तेथेच, त्या घरांत कळतो. बेथलेहेम बुडाली तेव्हा सुमारे ९५,००० कामगारांच्या व निवृत्तांच्या वेतनाचा भार सरकारी विमा महामंडळावर आला आणि निवृत्तांची कंपनीकडून होणारी आरोग्याची सोय बंद पडली. तीस-तीस वर्षे भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसांना उतारवयात औषधाचा खर्च स्वतः शोधावा लागला. जहाज विकले जाते तेव्हा नुसते पोलाद विकले जात नाही. कोणत्या बंदरात ते हिवाळा काढणार, कोणत्या गोदीला काम मिळणार, कोणती संघटना खलाशांची बोलणी करणार, हे सारे नव्या धन्याच्या चोपडीवर ठरते. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीचा ताफा एके काळी शंभराहून अधिक जहाजांचा होता. १९८८ मध्ये त्याचा मोठा वाटा एका गुंतवणूक संस्थेकडे गेला आणि २००४ मध्ये उरलेली जहाजे कॅनडाच्या रेल्वे कंपनीने घेतली. जोन्स कायद्यामुळे ती चालविण्यास पुन्हा अमेरिकन कंपनी नेमावी लागली. तसाच अमेरिकन स्टीमशिप कंपनीचा ताफा १९७३ पासून रेल्वेचे डबे भाड्याने देणाऱ्या एका कंपनीकडे होता. २०२० मध्ये तो रँड लॉजिस्टिक्सने घेतला.

मालक दूर असला म्हणजे जहाजाची काळजी कमी होते काय? आणि जहाज जुने झाले म्हणजे ते धोक्याचे असते काय? हे दोन प्रश्न या सरोवरांवर केवळ हिशेबाचे नाहीत. ते प्राणांचे आहेत.

१८ नोव्हेंबर १९५८ च्या संध्याकाळी मिशिगन सरोवरावर वादळ घोंघावत होते. १९२७ मध्ये बांधलेले ‘कार्ल डी. ब्रॅडली’ रिकामे परतत होते. हंगाम संपत आला होता आणि त्या हिवाळ्यात त्याच्या मालाच्या कोठाराची मोठी दुरुस्ती करण्याचे ठरलेही होते. ती वेळ आली नाही. लाटांवर जहाजाचे दोन तुकडे झाले. ३५ पैकी ३३ जण गेले. त्यांपैकी २३ जण रॉजर्स सिटी नावाच्या एकाच छोट्या गावचे होते. ज्या गावात सर्वजण एकमेकांना ओळखतात, तेथे एका रात्रीत तेवीस घरांवर आकाश कोसळले. आठ वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९६६ रोजी, ह्यूरन सरोवरात ‘डॅनियल जे. मॉरेल’ असेच दुभंगले. ते १९०६ चे, म्हणजे साठ वर्षांचे होते. २९ पैकी २८ जण मृत्यू पावले. एक खलाशी अडतीस तास तराफ्यावर मृत सोबत्यांच्या संगतीत गोठत राहिला आणि वाचला. त्याच वादळात मॉरेलच्या जोडीचे ‘एडवर्ड वाय. टाउनझेंड’ हे जहाजही तडकले. त्याला कामावरून काढण्यात आले आणि १९६८ मध्ये मोडीत नेताना अटलांटिकवर तेही दुभंगून बुडाले.

चौकशीत एक गोष्ट उघड झाली. गोड्या पाण्याने गंज टाळला होता, परंतु जुन्या पद्धतीचे पोलाद थंडीत ठिसूळ होते, हा दोष पाणी दूर करू शकत नव्हते. बाहेरून निरोगी दिसणारा माणूस आतून खचलेला असावा, तसा हा प्रकार होता.

तथापि वय हेच एकमेव कारण मानणेही न्यायाचे होणार नाही. १० नोव्हेंबर १९७५ रोजी सुपीरियरवर बुडालेले ‘एडमंड फिट्झजेरल्ड’ केवळ सतरा वर्षांचे होते. त्याची मालकी मिलवॉकीच्या एका आयुर्विमा कंपनीकडे होती आणि नावही तिच्याच प्रमुखाचे होते. चालविणारी कंपनी निराळी होती. त्यावरील २९ जणांपैकी कोणीही वाचले नाही. त्याच्या मागोमाग येत असलेले ‘आर्थर एम. अँडरसन’ हे जहाज १९५२ चे, म्हणजे त्याच्याहून वडील. ते व्हाइटफिश उपसागरात सुखरूप पोचले आणि सोबत्याच्या शोधासाठी पुन्हा त्याच वादळात बाहेर पडले. पुढे कित्येक दशके ते काम करीत राहिले. यावरून एवढेच म्हणता येईल की, जहाजाचे वय मोजण्यापेक्षा त्याची देखभाल कोण आणि किती मन लावून करतो, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे.

या बाबतीत शेजारच्या कॅनडाने निराळी वाट धरली. तेथे परदेशी बनावटीच्या जहाजांवर २५ टक्के आयातकर होता. तो २०१० मध्ये उठविण्यात आला. लगोलग कॅनेडियन कंपन्यांनी चीनमधील गोद्यांकडे मागणी नोंदविली. २०१२ मध्ये ‘बे सेंट पॉल’ आणि २०१३ मध्ये ‘अल्गोमा इक्विनॉक्स’ ही नवी जहाजे महासागर ओलांडून सरोवरांत आली. ती कमी इंधनात अधिक माल नेतात. १८९९ मध्ये रेल्वे कंपनी म्हणून सुरू झालेल्या अल्गोमा सेंट्रलने २०११ मध्ये अपर लेक्स कंपनीचा ताफा घेतला आणि जुन्या जहाजांची नावे बदलली. जी फार जुनी झाली होती, त्यांना टगबोटींनी ओढीत मोडीच्या किनाऱ्याकडे नेण्यात आले. बहुतेकांचा शेवट तुर्कस्तानच्या आलियाआ येथे झाला. परंतु या शतकाच्या आरंभी काही जहाजे अर्धी पृथ्वी ओलांडून आपल्या गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावरही आली. ज्यांनी आयुष्यभर गोड्या पाण्यावर काम केले, त्यांचा शेवट खंबायतच्या आखातातील भरतीने वाहून आणलेल्या चिखलात, भारतीय कामगारांच्या हातून झाला.

कोणता मार्ग बरा? अमेरिकेच्या कायद्यामुळे जहाजे वृद्ध झाली, परंतु स्टर्जन बेसारख्या गावांतील गोद्या जिवंत राहिल्या आणि दरवर्षी हिवाळ्यात शेकडो कारागिरांच्या चुली पेटत्या राहिल्या. कॅनडाच्या धोरणामुळे ताफा तरुण झाला, परंतु ती जहाजे बांधण्याचे काम सातासमुद्रापलीकडे गेले. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. आपल्या देशातही जुने यंत्र राखावे की नवे आणावे, आपल्या कारागिरास काम द्यावे की स्वस्त माल घ्यावा, हा वाद नेहमीच चालतो. त्याचे उत्तर सर्व काळी एकच असेल, असे मानण्याचे कारण नाही. मात्र उत्तर शोधताना जो मनुष्य जहाजावर चढतो त्याचा जीव आणि जो जहाज दुरुस्त करतो त्याची भाकरी, या दोन गोष्टी चोपडीच्या कोणत्या पानावर लिहिल्या आहेत, हे प्रथम पाहावे.

आपणांपैकी कोणी त्या बाजूला गेलाच, तर या जगाचे दर्शन घेणे कठीण नाही. डुलुथ येथे १९३८ चे ‘विल्यम ए. अर्विन’ संग्रहालय म्हणून उभे आहे. पलीकडे सुपीरियरमध्ये १८९६ चे ‘मीटिऑर’ आहे. देवमाशासारख्या गोलाकार पाठीची जी जहाजे एके काळी येथे बांधली गेली, त्यांपैकी हे अखेरचे उरले आहे. सू सेंट मेरी येथे १९१७ च्या ‘व्हॅली कँप’मध्ये फिट्झजेरल्डच्या दोन मोडक्या जीवरक्षक होड्या ठेवल्या आहेत. त्यांच्यापुढे उभे राहिले की बोलणे आपोआप थांबते. व्हाइटफिश पॉइंट येथे त्याच जहाजाची, १९९५ मध्ये सरोवराच्या तळातून काढलेली घंटा आहे. आणि मिशिगन सरोवर ओलांडावयाचे असेल तर लडिंग्टन ते मॅनिटोवॉक या मार्गावरची ‘बॅजर’ नावाची फेरीबोट आहे. ती १९५० च्या दशकाच्या आरंभीची असून दगडी कोळशाच्या वाफेवर चालत आली आहे. २०२० च्या अखेरीस तिचीही मालकी बदलली.

डिट्रॉइट नदीवर आणखी एक गंमत पाहावयास मिळते. १८७४ पासून वेस्टकॉट नावाची एक कंपनी तेथे जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांची सेवा करीत आली आहे. तिची लहानशी टपालबोट चालत्या जहाजाच्या कुशीला लागते. वरून दोराने एक बादली खाली सोडतात. तीत पत्रे, पुडकी घातली जातात आणि बादली वर ओढली जाते. या बोटीला टपालखात्याचा स्वतंत्र विभाग-क्रमांकही मिळालेला आहे. घरापासून आठवडेच्या आठवडे दूर असलेल्या खलाशाला मुलाच्या हातचे पत्र अशा रीतीने नदीच्या मध्यावर मिळते. पत्त्यावर जहाजाचे नाव असते. मालक बदलला, नाव बदलले, तर घरच्यांना नवे नाव लिहावे लागते. एवढेच काय ते. बादली खाली येते आणि पत्र ज्याचे त्याला पोचते.

मोठमोठ्या कंपन्यांचे नकाशे बदलत असताना, या वृद्ध जहाजांची फेरी ज्या माणसांच्या बळावर चालली आहे, ती माणसे ही अशी आहेत. कप्तान, इंजिनातले तेलवाले, स्वयंपाकी, हिवाळ्यातले वेल्डर आणि किनाऱ्यावर वाट पाहणारी त्यांची कुटुंबे. जहाजाच्या पाठीवर कोणाचेही नाव रंगविलेले असो, त्याला सत्तर वर्षे पाण्यावर तोलून धरण्याचे श्रेय त्यांचेच आहे.